वर्नाने मंगळवारी मागवलेला शुक्रवार

वर्ना झास्ट्रो बिघडलेल्या यंत्राला आल्या आल्या कधी हात लावायची नाही. आधी खुर्ची मागायची, मग काळी कॉफी, आणि मग यंत्राकडे नुसती बघत बसायची. बोलावणाऱ्याचा जीव वर-खाली. एकदा माझ्या गोठ्यातलं दूध काढायचं मशीन अडलं, तेव्हा ही बाई बादली पालथी घालून तिच्यावर अर्धा तास बसून होती. गायी हंबरत होत्या, मी त्यांच्या वरताण ओरडत होतो. शेवटी ती उठली, एक रबरी नळी उपसली, तिच्यातून मेलेला उंदीर झटकला आणि म्हणाली, "इथे गप्प असा हा एकटाच होता, म्हणून ह्याच्यावर संशय आला."

तिची ही खोड शाळेपासूनची. आमची शाळा एका खोलीची. आठ इयत्ता, एक शेगडी आणि एक बाई. भिंतीवरचं घड्याळ रेंगाळत चालायचं, पण ते बाईंचं घड्याळ, त्याला खोटं कोण म्हणणार? वर्ना तेव्हा दहा वर्षांची. आठवडाभर घड्याळाकडे टक लावून बसली म्हणून दोनदा कोपऱ्यात उभी राहिली. मग एका दुपारी बाकावर बाक चढवून तिने ते उघडलं आणि कोंबडीचं पीस रॉकेलमध्ये बुडवून आतली चाकं पुसली. त्या दिवसापासून घड्याळ नीट चालायला लागलं, आणि उघडकीला आलं ते हे की आम्हाला कित्येक वर्षं रोज बारा मिनिटं जास्त शाळेत कोंडलं जात होतं. पोरांनी तिला डोक्यावर घेतलं. बाईंनी मात्र घेतलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती शिकागोला गेली, पिनबॉलची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे फळीवर खिळे ठोकलेले असत. त्या खिळ्यांमधून रंगीबेरंगी तारा फिरवायच्या, त्यांची जुडी बांधायची, की झाली यंत्राची एक नस तयार. सव्वीस वर्षं तिने त्या नसा बांधल्या. पुढे आईची नजर गेली म्हणून गावी परतली आणि घरामागच्या जुन्या दूधघरात दुकान थाटलं. आमच्या विस्कॉन्सिनच्या त्या टोकाला पिनबॉल, रेडिओ, दुधाचं मशीन, काहीही बंद पडलं की वर्ना. चर्चच्या ऑर्गनचा भातासुद्धा तिनेच दोनदा शिवला.

आता मूळ गोष्ट. साल शहाण्णव, ऑक्टोबर महिना. आमच्या चौकात रोली बुखोल्झचा बार होता. रोली म्हणजे पाप्याचं पितर, पण तोरा असा की नाकावर माशी बसू द्यायचा नाही. दर शुक्रवारी त्याच्याकडे तळलेले पर्च नाहीतर कॉड मासे, बटाट्याची धिरडी, राय धान्याचा पाव आणि कोबीची कोशिंबीर. त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटली तर लोक समजत की घरात कोणी आजारी आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी पिनबॉलचं यंत्र होतं. काचेखालचा लोखंडी चेंडू खाली निसटू न देता दोन बाजूंच्या बटणांनी वर उडवत गुण मिळवायचे, असा तो खेळ. ते खेळायची आमची एक रीत होती. दोघांनी मिळून खेळायचं. एकाने डावीकडचं बटण सांभाळायचं, दुसऱ्याने उजवीकडचं, चेंडू ज्याच्या बाजूला येईल त्यानेच दाबायचं, आणि दोघांच्याही मोकळ्या हातात बिअरचा ग्लास. बाहेरगावचे लोक हसायचे. हसेनात का, आमचे ग्लास कधी सांडले नाहीत.

डेल्मर वेंडलांड आणि त्याची बायको आर्डिस ही त्यातली नामांकित जोडी. डेल्मर तीनशे पौंडांचा, चाळीस गायींचा धनी, आणि दिवसाकाठी चाळीसच शब्द बोलणारा. उजवं बटण त्याचं, डावं आर्डिसचं. त्या वसंतात आर्डिस गेली. त्यानंतर डेल्मर शुक्रवारी एकटा यायचा, एकटा जेवायचा आणि दोन्ही हात लावून एकटाच खेळायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, जमतंय.

उन्हाळ्यापासून ते यंत्र त्याच्यावर रुसलं. चेंडू ऐन रंगात आला की सगळे दिवे फटकन जायचे, क्षणभराने परत यायचे आणि खात्यावर शून्य. बाकी कुणाला असं होत नसे. डेल्मर यंत्राला कंबर लावून खेळायचा, तेव्हा रोलीने निदान करून टाकलं की हा धक्के मारून यंत्र मोडतोय. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी चौथ्यांदा दिवे गेले आणि डेल्मरने यंत्राच्या पायाला एक लाथ घातली. झालं. रोलीने बारमागच्या फळ्यावर खडूने त्याचं नाव लिहिलं. त्या फळ्यावर नाव चढलं की उंबरा बंद. तीस वर्षांत दोनच नावं चढली होती, आणि ती दोघं मेल्यावरच पुसली गेली.

डेल्मरने टोपी घेतली आणि गेला. पुढच्या शुक्रवारी मी बारकडे निघालो तर समोर पेंडीच्या दुकानापाशी त्याचा ट्रक उभा. आत डेल्मर, काच खाली, माशांचा वास घेत बसलेला. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी तसाच. चार शुक्रवार मी हे बघितलं. आठवड्यातून एकदा माणसांत बसून गरम जेवणारा माणूस, त्याचं तेही गेलं. मग मला राहवेना. मी वर्नाकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

तिने दोनच प्रश्न विचारले. बाकी कुणाला असं होत नाही म्हणजे बाकीचे कसे खेळतात, आणि डेल्मर सोमवारी-मंगळवारी कधी येतो का. कधीच नाही, फक्त शुक्रवारी, मी म्हणालो. मग ती म्हणाली, मंगळवारी दुपारी मला घेऊन चल, आणि डेल्मरलाही सांग, ट्रक घेऊन ये म्हणावं. तो आत येणार नाही, मी म्हणालो. "बसू दे ट्रकमध्ये. वास घ्यायची सवय आहेच त्याला."

मंगळवारी बार रिकामा, समोर ट्रकमध्ये डेल्मर. खुर्ची आली, कॉफी आली. वर्नाने अर्धा तास यंत्र बघितलं, मग मागची पेटी उघडली. पहिलीच गोष्ट सापडली ती फ्यूजवर गुंडाळलेली सिगारेटच्या पाकिटातली चांदी. वर्नाने रोलीकडे चष्म्यावरून बघितलं. रोली म्हणाला की फ्यूज सारखा उडत होता, म्हणून तात्पुरतं केलं. तात्पुरतं म्हणजे कधीपासून, तर गेल्या वर्षीपासून. "म्हणजे बरगडी मोडली म्हणून तू खोकल्याचं औषध दिलंस," वर्ना म्हणाली आणि योग्य फ्यूज बसवला.

मग तिने मीटर लावला. यंत्राच्या मेंदूला पाच व्होल्ट लागतात, फार खाली गेलं की त्याला भोवळ येते आणि तो शुद्धीवर आला की सगळं नव्याने सुरू करतो. मीटरवर पाचाला जरासं कमी, म्हणजे ठीक. आम्ही खेळलो, एकेक बटण दाबून, दोन्ही दाबून, तासभर. बेट्या यंत्राने एकदाही डोळा मिटला नाही. रोलीची छाती फुगली. यंत्र धडधाकट आहे, खोट आहे ती डेल्मरच्या कमरेत, तो म्हणाला.

"शुक्रवारी इथे असं काय असतं जे आज नाही?" वर्नाने विचारलं.

रोलीने बोटांवर मोजलं. गर्दी, अकॉर्डियनवाला, मासे. वर्नाने मीटरच्या तारा भिंतीतल्या प्लगात घातल्या, आकडा बघितला आणि शांतपणे म्हणाली, "कढया लाव."

रोलीकडे तळणीच्या विजेच्या दोन मोठ्या कढया होत्या. मंगळवारी कढई लावायची हे त्याला रविवारी नांगर धरण्यासारखं वाटलं. तेल फुकट तापवू, वेड लागलंय का, तो म्हणाला. तेव्हा वर्नाने पैज लावली. कढया लावून यंत्राला काही झालं नाही तर नाताळपर्यंत दर शुक्रवारी ती त्याची भांडी घासेल. रोली स्वतः भांडी घासत असे. त्याने कढया लावल्या. आणि तापलेलं तेल नुसतं बघत बसणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं, म्हणून शुक्रवारसाठी आणलेले मासे काढून तळायलाही लागला.

इथे एका गोष्टीचा कुणालाच अंदाज नव्हता. वारा गावाच्या दिशेने होता. पंधरा मिनिटांत दार उघडलं आणि पोस्टातले एल्मर आले. आज कोणता वार, त्यांनी विचारलं. मंगळवार म्हटल्यावर घरी जायच्या ऐवजी बसलेच. मग चीज कारखान्यातली चौघं, मग विणकाम मंडळाच्या बायका. एक आजोबा कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवून आले होते, कारण डबे शुक्रवारी ठेवायचे असतात. पाऊण तासात बार भरला. रोलीला रागवावं की वाढावं ते समजेना. तो वाढत राहिला.

वर्नाने भिंतीतला आकडा पुन्हा बघितला. एकशे एकोणीस व्होल्ट होते, आमच्याकडे साधारण तेवढेच असतात, ते एकशे दहावर आले होते. जुन्या इमारतीची जुनी वायरिंग, दोन कढया एकदम लागल्या की सगळ्या घराचीच वीज पातळ व्हायची. तिने एल्मरना डाव्या बटणावर आणि मला उजव्यावर उभं केलं, हातात ग्लास दिले. खेळलो. काही नाही. मग ती वळली. "रोली, आता तू. एकटा. दोन्ही हातांनी."

रोली ॲप्रनला हात पुसत आला. चेंडू उडाला, खाली आला, रोली घाबरला आणि त्याने दोन्ही बटणं एकदम दाबली.

दिवे गेले. आले. खात्यावर शून्य.

बारमध्ये कुणी घासही चावेना. मग वर्ना म्हणाली, "लाथ कुठे मारलीस रे रोली? मला दिसली नाही." बायका अशा हसल्या की एकीच्या मांडीवर कोशिंबीर सांडली.

पुढचं मी जवळून बघितलं. तिने प्लग काढला, आतली उरलेली वीज उतरवली आणि छोट्या पिंपाच्या आकाराचा, वीज साठवणारा अंगठ्याएवढा कपॅसिटर उपटला. मला म्हणाली, हार्लन, ही तुझी दुधाची टाकी समज. गाय दोन मिनिटं अडली तरी टाकीत दूध असतं, म्हणून गाडीवाल्याला काही कळत नाही. ही टाकी म्हातारी होऊन गळायला लागली आहे. एका बटणापुरतं तिच्यात उरायचं. दोन्ही बटणांनी एकदम ओढलं आणि त्यात कढयांनी वरचा ओघच बारीक केला, की मेंदू कोरडा. म्हणून फक्त शुक्रवारी, आणि फक्त त्याला, ज्याचे दोन्ही हात मोकळे.

हे ती हळू आवाजात बोलली, पण रोली पाठीशीच उभा होता. डेल्मरचे दोन्ही हात कधीपासून मोकळे झाले, हे बारमध्ये कुणाला सांगावं लागणार नव्हतं. रोली स्वयंपाकघरात गेला.

वर्नाने नवा कपॅसिटर डाखला. शेजारचा, विजेला एका दिशेला लावणारा चौकोनी तुकडा तापून काळा पडला होता, तोही बदलला. कढया चालू ठेवून दोन्ही बटणं दाबली. एकदा, पाच वेळा, वीस वेळा. मीटरचा काटा जागचा हलेना.

रोली बाहेर आला तो हातात ताट घेऊन. जाताजाता ॲप्रनने फळा पुसला आणि दाराबाहेर गेला. आम्ही सगळे खिडकीला लागलो. तो रस्ता ओलांडून ट्रकपाशी उभा राहिला. काच खाली होतीच, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं.

"पर्च की कॉड?" रोलीने विचारलं.

डेल्मरने ताटाकडे बघितलं. "मंगळवार आहे आज."

"मला माहीत आहे कोणता वार आहे. गार होतंय. उतर."

डेल्मरने विचार केला. मग ट्रकचं दार उघडलं, आणि ट्रक एका बाजूने चांगला वीतभर वर आला. आत आला तेव्हा सगळे आपापल्या ताटात बघू लागले, जणू मासे आयुष्यात प्रथमच बघत होते. त्याने पर्चचे सहा तुकडे खाल्ले, धिरडी खाल्ली, ताट पावाने पुसलं. मग उठून यंत्रापाशी गेला, कंबर लावली आणि दोन्ही हातांनी खेळू लागला. यंत्र हादरत होतं. रोलीचा जीव दर धक्क्याला खालवर होत होता, पण त्याने तोंडातून ब्र काढला नाही.

तिसरा चेंडू पडल्यावर डेल्मर त्याच्याकडे वळला. "मी लाथ मारली होती. एकदा. ते खरं आहे."

रोली ग्लास पुसत होता. "मघाशी दिवे गेले ना," तो म्हणाला, "तेव्हा मीही पाय उचललाच होता."