संत कॅथरीनची खोली आणि मार्थाकाकू

शुक्रवारची जपमाळ संपली की चहा येतो, आणि चहाबरोबर किस्से! मंगळवार पेठेत आमची कॅथलिक घरं मोजकीच, पण किस्से इतके की रोज टिपून ठेवले तरी मागं उरतातच. हे नव्वदीतल्या एका पावसाळ्यातले. सगळे संत कॅथरीनमुळं घडलेले!

*

त्या महिन्यात जपमाळेनंतर आमच्या चर्चच्या सिस्टर बेनिटा सिएनाच्या संत कॅथरीनबद्दल सांगत होत्या. कॅथरीनला लग्न नको होतं, प्रार्थना हवी होती. घरचे चिडले. तिची खोली काढून घेतली, तिला घरकामाला जुंपलं. तिनं मनातच खोली बांधली! वडलांना ख्रिस्त, आईला त्याची आई मारिया आणि भावांना त्याचे बारा प्रेषित समजून आनंदानं राबू लागली.

मार्थाकाकू खूश! सून रोझाला म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं? उद्यापास्नं मला मारिया समजून च्या द्यायचा."

दुसऱ्या दिवशी रोझानं चहा ठेवला, शेजारी मेणबत्ती लावली, काकूंच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि हात जोडून उभी राहिली.

काकू किंचाळल्या, "आगं, मी अजून जित्ती हाय की!"

*

रोझाचा धाकटा दीर पीटर. त्यानं विचारलं, "वहिनी, मग मी प्रेषितच न्हवं?"

"व्हय की! पण बारा जणांत दगा देणारा यहुदाबी हुता. जेवल्यावर ताट कोण उचलत न्हाय, ते बघून ठरवू."

पीटर आजही आपलं ताट आपण घासतो!

*

शेजारच्या सुशीलाताई बौद्ध, पण गोष्ट ऐकायला हमखास यायच्या. त्यांच्या घरात दोन खोल्या आणि सात माणसं.

"सिस्टर, ह्या मनातल्या खोलीला आतनं कडी हाय का?"

सिस्टरनी जरा विचार केला. "आहे, ताई. पण मला अजून नीट लावता येत नाही!"

*

शेवटच्या शुक्रवारी तर कमालच! गोष्टीत पोपमहाराज रोम सोडून फ्रान्समध्ये राहत होते. कॅथरीन थेट तिथं जाऊन थडकली आणि त्यांना परत जायला सांगितलं. आणि ते गेले! आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या.

रोझाच्या डोक्यात मात्र दुसरंच. तिला मिरजेत नर्सिंगला जागा मिळाली होती. सोमवारी हजर झाली नाही, तर जागा गेली. काकूंचं उत्तर ठरलेलं, "मनात खोली बांध की! मिरजेत कशाला?"

आमची रीत अशी, की शेवटी ज्यानं त्यानं आपली विनंती मोठ्यानं म्हणायची मी पेटीवर सूर धरायचा आणि सगळ्यांनी एका सुरात ठरलेली साथ द्यायची. त्यात काकूंचा आवाज सगळ्यात पुढं!

कुणी आजाऱ्यासाठी मागितलं, कुणी शिरोळचा पूर ओसरावा म्हणून. मग रोझा उठली.

"मला सोमवारी मिरजेला जायला मिळावं म्हणून..."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक!" सगळ्यांच्या आधी काकू!

पेटीवरची माझी बोटं थांबली.

सुशीलाताई म्हणाल्या, "काकू, देवानं ऐकलं का ठावं न्हाय, पर समद्या पेठंनं ऐकलं!"

सोमवारी सकाळी मिरजेची एसटी सुटायच्या बेतात, आणि खिडकीखाली काकू! टाचा उंचावून त्यांनी रोझाच्या हातात डबा कोंबला आणि सगळा स्टँड वळून बघेल अशा आवाजात ओरडल्या,

"मारियानं भाकरी थापल्यात! एकबी उरवायची न्हाय!"