प्लास्टिकचा नाला

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही — पण आज सांगते.

माझा थोरला भाऊ, दादा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि महाबळेश्वरला टॅक्सी चालवायला लागला. साताऱ्याला माझ्याकडे आला की आम्ही माझ्या मुलाचा लढाईचा खेळ मांडायचो. बोटाएवढे सैनिक, आणि पटासाठी प्लास्टिकचे चौकोनी तुकडे — कशावर टेकडी, कशावर नाला, कशावर नुसतं माळरान. एकमेकांत अडकवले की हवा तो मुलूख तयार. दादाला ते लय आवडायचं.

सरहद्दीवरची एक गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली होती. नाल्यातून जायचं त्यानं ठरवलं, आणि त्याच्या जोडीचा जवान तिथंच मारला गेला. मी खोदून खोदून विचारलं होतं — टेकडी कुठल्या अंगाला, नाला कुठे वळतो. तो सांगत गेला, मी लक्षात ठेवत गेले. का? भूगोल शिकवते म्हणून? नाही. मला एवढंच बघायचं होतं — तीच जागा पुन्हा समोर आली, तर हा माणूस या वेळी कुठून जाईल?

म्हणून एका रविवारी तो यायच्या आधी मी ती जागा पटावर मांडून ठेवली.

तो बसला. सैनिक हातात घेतला. मग त्याचं बोट पटावरून फिरत नाल्याच्या वळणाशी थांबलं. बराच वेळ. आणि मी — मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, वर्गात प्रयोग बघावा तशी.

"ही जागा मला म्हाईत हाय," तो हळू म्हणाला. "तू मुद्दाम मांडलीस व्हय गं?"

तेव्हाच हो म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "कुठली जागा, दादा? हाताला आले तसे तुकडे लावलेत."

तो तोंड धुवायला उठला. तेवढ्यात मी दोन तुकडे फिरवले — त्याला पुन्हा बघून खात्री करता येऊ नये म्हणून. परत आला, तर नाला भलतीकडेच वळलेला. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "मला कायबी दिसाय लागलंय."

त्यानंतर तो खेळला नाही. घाटात धुकं दाटलं की गाडी काढेना. डोळ्यांचा भरवसा राहिला न्हाई, असं वहिनीला म्हणाला. शेवटी टॅक्सी विकली. वहिनी हे सांगायच्या आणि मी नवल वाटल्यासारखं ऐकायचे. आणि खरं सांगू? तो या वेळी कुठून गेला असता, हे मला अजूनही जाणून घ्यायचं आहे.

गेल्या दिवाळीत दादाचा मुलगा गाडी चालवत होता, दादा त्याच्या शेजारी, मी मागे. घाटात दादानं मान वळवून मला विचारलं, "समोर ट्रकच हाय न्हवं?"

ट्रकच होता. "हो, दादा," मी म्हणाले.