गादीवालीचे उंदीर

जिनं आयुष्यभर उंदरांच्या नावानं बोटं मोडली, तीच म्हातारपणी दोन उंदीर घरी आणणार म्हटल्यावर गल्लीला हसू आवरेना. गादीवालीनं गल्लीकडे बघितलंसुद्धा नाही.

सोफे, खुर्च्या उसवून नव्यानं भरायच्या, हा तिचा धंदा. बोटं आखडली तसा बंद केला. त्या कामात उंदीर म्हणजे वैरी. काथ्या कुरतडतात, गोणपाटाची चाळण करतात, स्प्रिंगांत मुततात. पण उसवलेल्या सोफ्याच्या पोटात त्यांची घरटी सापडायची. बाहेर जाड चिंध्या, आत बारीक, मधोमध पिंजून मऊ केलेला कागद. ती फेकून द्यायची, पण आधी उलटंपालटं करून बघायची. इतकं नीट भरलेलं काम तिच्या हाताखालच्या एकाही माणसानं केलं नव्हतं.

टाकलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात दोन पांढऱ्या उंदरिणी आल्याचं तिला कळलं. प्रयोगशाळेतून सुटलेल्या, जन्मभर प्लॅस्टिकच्या डब्यात राहिलेल्या. ती बघायला गेली.

"म्हणजे यांनी घरटं बांधलंच नाही कधी?"

"सामान कुणी दिलं होतं?" निवाऱ्यातल्या बाई म्हणाल्या.

तिथेच तिचं ठरलं. निवाऱ्याच्या अटी होत्या. जोडी फोडायची नाही, पिंजरा आधी दाखवायचा आणि घरातल्या सगळ्यांची संमती हवी.

घरात दुसरं माणूस एकच, धाकटा भाऊ. दोघं वरच्या मजल्यावर राहायची. खाली बंद पडलेलं दुकान.

"ताई, लोक उंदीर मारायला मांजर पाळतात."

"तू पाळ मांजर. घाण तूच काढ. जमेल?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांची बुडं टेकायची सोय मी केली. त्यांनी आपली तोंडं आवरावीत."

"या घरात एक तर ते उंदीर राहतील, नाहीतर मी."

तिनं खाली दुकानातलं जुनं कपाट घेतलं, दाराच्या फळ्या काढून बारीक जाळी ठोकली, कडा घासल्या. आत पहिल्या प्रतीचा कापूस भरला.

बाई बघायला आल्या. जाळी ओढून बघितली, मान हलवली. मग मूठभर कापूस बाहेर काढला.

"हा चालणार नाही. धागे पायाला गुंडाळतात. पाय सुजतो, काळा पडतो."

जिन्याच्या दारात उभा असलेला भाऊ खूश झाला. गादीवालीची कानशिलं तापली. भरायच्या मालात तिला आजवर कुणी चूक दाखवली नव्हती.

"मग काय भरू?"

"कागद. धागे न सुटणारं मऊ कापड."

तिनं बाईंना खुर्ची दिली आणि तिथल्या तिथे सगळा कापूस उपसला. फळीच्या फटीत अडकलेला धागासुद्धा चिमट्यानं काढला. मग कागदाच्या पट्ट्या फाडत बसली.

"आणि घरच्यांची संमती?"

"नाही," भाऊ म्हणाला.

"मग मला देता येणार नाहीत." बाईंनी पिशवी खांद्याला लावली.

गादीवाली उठली, वर गेली. वळकटी खांद्यावर टाकून जिना उतरली. परत गेली, स्टोव्ह आणि किटली आणली. दुकानाला रस्त्याकडचं दार होतं, नळ होता, मोरी होती.

"आता या घरात मी एकटी. माझी संमती आहे."

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का?"

"आहे. तुझा पाय माझ्या उंबऱ्याच्या आत आहे. तो काढ."

बाई हसल्या नाहीत. "पुढच्या महिन्यात न सांगता येईन. वर झोपलेल्या दिसलात, तर विषय संपला."

त्या आल्या तेव्हा गादीवाली खालीच होती. पाठ धरलेली, पण खालीच. उंदरिणी आल्या.

पहिले काही दिवस त्या कोऱ्या फळीवर एकमेकींना चिकटून पडून राहिल्या. मग एकीनं एक पट्टी ओढली. दुसरीनं तीच परत ओढून नेली. हळूहळू कोपऱ्यात ढीग झाला, जाड-बारीक सगळं एकत्र.

"ढिसाळ," गादीवाली म्हणाली. "जाड बाहेर, बारीक आत." पण हात लावला नाही. ज्याचं काम त्यानं करावं.

जिन्याचं दार करकरलं. भाऊ होता.

"वर कधी येणार?"

"येणार नाही."

तो मान उंच करून कपाटाकडे बघत राहिला. "काय करतायत त्या?"

"काम करतायत."

"आत येऊन बघू का?"

"चपला काढ," ती म्हणाली. "आणि त्यांची संमती घे."