रॉनचा घेवडा आणि आमचा खड्डा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. ऑफिसातले लोक ब्रिस्टलच्या जुन्या पबमधल्या भुतांच्या गोष्टी सांगतात, तेव्हा मी शांतपणे सगळ्यांच्या चिप्स संपवतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... तरी लिहितो.

सुनीताचे, म्हणजे माझ्या बायकोचे, दोन्ही गुडघे गेलेत. जिना ती बसून, एकेक पायरी सरकत उतरते. म्हणून मागच्या बाजूला खाली एक बेडरूम बांधायचं ठरवलं. शेजारच्या रॉनने कौन्सिलला ऑब्जेक्शन पाठवलं — त्याच्या घेवड्यावर सावली पडेल म्हणे! त्यात आठ महिने गेले. आठ महिने ही जिन्यावर सरकत होती. परवानगी आली आणि त्याच महिन्यात रॉन गेला. फ्युनरलला मी काळा टाय लावून गेलो, पण राग काही गेला नाही.

पाया खणला आणि पाऊस लागला. खड्ड्यात कमरेएवढं पाणी! शुक्रवारी सकाळी कौन्सिलचा इन्स्पेक्टर पाया तपासायला येणार. खड्डा कोरडा नसेल तर काम पुन्हा लांबणार. बुधवारी पाऊस थांबला. आमचा बिल्डर बलबीर पंप लावून गेला — "पाइप अपने लॉन में छोड़ना, भाईसाब."

मी पाइप कुंपणाखालून रॉनच्या वाफ्यात सोडला. "घे, पी आता!" असं मोठ्याने म्हणालोसुद्धा. पन्नाशीच्या माणसाला हे शोभत नाही, पण काय बरं वाटलं सांगू!

दुपारभर पंप चालला. पाइपमधून धो धो पाणी पडताना मी स्वतः पाहिलं. चार वाजता बघतो तर खड्ड्यात पाणी तेवढंच. आणि वाफ्यात साधं डबकंही नाही.

गुरुवारी खड्ड्यात आइस्क्रीमच्या काड्या तरंगत होत्या, रोपांची नावं लिहून वाफ्यात खोचतात तशा. प्रत्येकीवर पेन्सिलने घेवड्याच्या जातीचं नाव. अक्षर मी ओळखलं — ऑब्जेक्शनचं पत्र मला पाठ होतं.

"अहो, पाइप कुठे सोडलाय?" सुनीताने किचनच्या दारातून विचारलं.

"लॉनमध्ये."

"खोटं बोलताना कान खाजवता तुम्ही. त्या बाईचा नवरा गेलाय, आणि तुम्ही तिच्या वाफ्यात चिखल सोडताय? माझ्या गुडघ्यांच्या नावावर भांडू नका!"

गेलो. रॉनच्या बायकोला, जीनला, सगळं सांगितलं. ती खुदकन हसली. "राग धरण्यात त्याचा हात कोणी धरू शकलं नसतं. एका शिडीच्या भांडणावरून सख्ख्या भावाशी मरेपर्यंत बोलला नाही."

पाइप आमच्या लॉनमध्ये घेतला. चहा होईपर्यंत खड्डा रिकामा! "इतनी जल्दी?" बलबीर पंपाकडे बघतच राहिला. शुक्रवारी इन्स्पेक्टरने पास केलं.

खोली बांधून झाली, आता सुनीता जिन्याकडे बघतही नाही. खोली कोरडी ठणठणीत. फक्त रोज सकाळी माझी डावी चप्पल ओली असते. तिच्या चपला कोरड्या. बलबीरने दोनदा ओल तपासली — काही नाही. चप्पल कपाटावर ठेवून पाहिली, तरी तेच. मला अजून याचा उलगडा झालेला नाही.

त्या खोलीत झोपायला लागून परवा आठ महिने झाले. म्हटलं, आपले आठ, त्याचे आठ — आता तरी संपलं असेल.

काल सकाळी माझ्या दोन्ही चपला ओल्या होत्या.