धारेचं पोट

माझ्या मावशीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं एकच नियम चालत आला होता. लाकूड मावशीनं कातायचं आणि धार काकांनी लावायची. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या खिडकीखाली लाकूड गरगर फिरवणारा लेथ, मागच्या खिडकीखाली पाण्याचं घमेलं आणि धारेचा दगड. नवरा-बायकोच्या पाठी एकमेकांकडे. बोलायचं तर मोटर बंद करावी लागे. "म्हणून तर टिकलो आम्ही," मावशी म्हणायची. "निम्मी भांडणं मोटरच्या आवाजात गेली."

लेथ खरं तर काकांच्या वडिलांचा. काकांनी तरुणपणी तो चालवायला घेतला आणि आठव्याच दिवशी फिरत्या लाकडात पटाशी रुतली. खुर्चीचा अर्धवट कातलेला पाय सुटून त्यांच्या भुवईवर आला. तिथे अजून केस उगवत नाहीत. त्यानंतर ते दगडाकडे वळले ते कायमचे. भुसा झाडायला येणाऱ्या नव्या सुनेनं, म्हणजे मावशीनं, एकदा, सासरे जेवायला गेलेले बघून, लेथ सुरू केला. ते परतले तेव्हा तिच्या हातात एक ओबडधोबड दांडा होता आणि केसांत छिलके. सासरे दांडा फिरवून फिरवून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्यापासून झाडायला दुसरं कुणीतरी बघू." नातेवाइकांत बरंच हसू झालं. मोठ्या जाऊबाई अजून म्हणतात, "हिनं नवऱ्याला दगडाशी बसवलं आणि स्वतः गाडी हाकतेय."

कातकामातलं सगळ्यात लहरी हत्यार म्हणजे तिरकी पटाशी. हिची धार तिरपी असते. पुढे आलेला कोपरा म्हणजे टोक, मागे राहिलेली टाच. धारेचा मधला भाग लाकडाला लागला तर लांबच लांब मऊ छिलका निघतो आणि लाकडाला पॉलिश पेपर दाखवावा लागत नाही. टोक नको तिथे टेकलं तर तासाभराचं काम एका क्षणात जातं. मावशीची तिरकी पटाशी सासऱ्यांच्या वेळची, सपाट पात्याची, सरळ धारेची. मधे तिच्या जावयानं हौसेनं अंडाकृती पात्याची एक नवी पटाशी आणून दिली होती. दांड्यावरचे फुगीर मणी वळवताना ती हत्याराखालच्या टेकूवर छान घरंगळायची, पण लांब सपाट काप घेताना थरथरायची. "बदकासारखी डुलते," म्हणून मावशीनं ती बाजूला ठेवली. आता तिनं रंगाचे डबे उघडतात. जावईबापू येणार असले की ती धुऊनपुसून खिळ्याला लटकते.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्यांत डाग आला. अगदी मधोमध. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते राहील, गेलं ते परत येणार नाही. काकांना दाराची चौकट दिसायची, दारात उभं असलेलं माणूस दिसायचं नाही. मान जराशी तिरकी करून ते माणसाला कडेनं गाठायचे. धार मात्र लावत राहिले. "धार काय डोळ्यांनी लावतात?" असं म्हणायचे, आणि मावशी मोटर सुरू करायची.

अशात एका जुन्या वाचनालयाच्या जिन्याचं काम आलं. कठड्याचे बावीस दांडे बदलायचे होते, उरलेल्या जुन्यांशी जुळणारे. काम आणणारा सुतार खिशात कायम पोलादी पट्टी बाळगायचा, म्हणून मावशी त्याला पाठीमागे फूटपट्टी म्हणायची. पहिले सहा दांडे घेऊन गेलेला फूटपट्टी दुसऱ्याच दिवशी परत आला. एका काखेत जुना दांडा, दुसऱ्या काखेत नवा.

"ताई, रागावू नका. अंग छान आहे, मणी छान आहेत. पण दोन मण्यांमधली ही खाच बघा. जुनीत कशी सुरीनं चिरल्यासारखी. आणि आपली? झोपेतून उठल्यासारखी."

"हं," मावशी म्हणाली.

त्यानं टेकूवरची तिरकी पटाशी उचलली, खिशातली पट्टी धारेवर ठेवली आणि खिडकीकडे धरली. मधे पट्टी टेकली होती आणि दोन्ही बाजूंनी उजेड येत होता.

"अहो, हिच्या धारेला तर पोट सुटलंय!" तो हसत म्हणाला. मग त्याला मागच्या खिडकीखालची पाठ दिसली आणि हसू तोंडातच राहिलं. दगडावरचा घासण्याचा आवाज थांबला होता.

"आणा इकडे," काका म्हणाले. त्यांनी पट्टी मागून घेतली, धारेवर ठेवली आणि बोटानं एक टोक हलकंच दाबलं. पट्टी झुलली. दुसरं टोक दाबलं. पुन्हा झुलली.

"वयानुसार होतं, काका," फूटपट्टी म्हणाला. आपण पटाशीबद्दल बोलतोय असं त्याला वाटत असावं. जाताना त्यानं पिशवीतून एक कोरी, सरळ धारेची पटाशी काढून लेथवर ठेवली. "सध्या ही वापरा. सोमवारपर्यंत दांडे लागतील."

तो गेल्यावर काका म्हणाले, "तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"वर्षभर मी धार बिघडवत होतो आणि तू गप्प होतीस. दया केलीस माझ्यावर."

"दया? अहो, माझ्या अंगठ्याचं मूळ बघा, केवढं सुजलंय! सरळ धारेनं मणी वळवायचा तर मनगट पार उलटं करावं लागतं. ही पोटाची धार थोडक्यात वळते. टोक आपोआप लाकडापासून लांब राहतं. मला बरी पडत होती, म्हणून गप्प होते."

"आता हे सुचलं."

"बत्तीस वर्षांत तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी एक तरी गोष्ट केलीय का?"

एरवी या वाक्याला ते हसले असते. त्या दिवशी त्यांनी घमेल्यातलं पाणी बाहेर ओतलं, घमेलं पालथं घातलं आणि दगड पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. "बाजारात यंत्रावर धार लावून मिळते," ते म्हणाले. "तिथे देत जा."

पुढचे दोन दिवस ते बाहेरच्या पायरीवर बसून होते. आत मावशी कोऱ्या पटाशीशी झगडत होती. खाच अगदी जुन्यासारखी येत होती, ते खोटं नव्हतं. पण मणी वळवताना मनगटातून कळ यायची, हात अर्ध्या वाटेत अडखळायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी टोक रुतलं. खाडकन आवाज झाला आणि दांड्याचा उभा ढलपा उडून भिंतीवर आपटला. पायरीवर काकांचा हात भुवईकडे गेला. ते अर्धवट उठले, आणि पुन्हा बसले.

"लागलं का?" त्यांनी बाहेरूनच विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? बाजारात विचारा," मावशी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन दांडे कातले. एक कोऱ्या पटाशीनं, एक जुन्या, पोटाच्या पटाशीनं. मोटर बंद केली, बाहेर आली आणि दोन्ही काकांच्या मांडीवर ठेवले.

"कुठला कशाचा ते सांगणार नाही. हातानं बघा आणि खरं बोला. तुम्हीही माझ्यावर दया करू नका."

काकांनी दोन्ही दांडे मांडीवर शेजारी शेजारी नीट लावून घेतले. मग एका दांड्यावरून तळहात फिरवला. दुसऱ्यावरून. नंतर नुसतं नख. मण्यांपाशी आले की हात सावकाश व्हायचा. मावशी उभी होती, पदराला हात पुसत, पुसलेले हात पुन्हा पुसत.

"हा," ते डावा दांडा उचलून म्हणाले. "अंगाला कुठेही अडत नाही. मणी भरदार. हात न थांबता फिरलाय." उजवा उचलला. "या मण्याच्या कडेला तू थांबलीस. इथे. आणि इथेही. मनगट दुखलं असणार."

"दुखलं."

"म्हणजे डावा जुन्या धारेचा." त्यांचं नख उजव्या दांड्याच्या खाचेत जाऊन बसलं होतं. "पण खाच या उजव्याचीच. फूटपट्टी बरोबर बोलला."

"मी कुठे नाही म्हटलं? मला दोन्ही लागणार. अंगाला आणि मण्यांना पोटाची. खाचेला सरळ. आणि ही सरळ बोथट झालीय एव्हाना, ते वेगळंच."

काका बराच वेळ दांड्यांचं वजन हातांवर तोलत बसले. मग आत गेले. कोपऱ्यातलं पोतं सोडलं आणि दगडावर पालथा पंजा फिरवला. एकदा आडवा, एकदा उभा.

"अगं, दगडच मधे खोल गेलाय," ते म्हणाले. आवाजात शरम होती आणि थोडं कुतूहलही. "दर महिन्याला काचेवर घासून सपाट करायचो. डोळे गेल्यापासून राहूनच गेलं. दगडाला खड्डा, म्हणून धारेला पोट."

"आणा, काच शोधते."

"थांब." त्यांनी दगड उलटा केला. खालची बाजू कधी वापरलीच नव्हती. खरबरीत होती, पण सपाट. "हीच घासू. खड्ड्याची बाजू तशीच राहू दे. तुझी धार तिथेच लागेल."

मावशीनं जुन्या कपाटाची काच जमिनीवर टाकली, वर वाळू आणि पाणी. काका गुडघ्यांवर बसून दगड गोल गोल घासत राहिले. मधेच थांबून कान लावायचे. वाळू सगळीकडे सारखी बोलू लागली तेव्हा उठले. घमेलं सुलटं झालं, भरलं. कोरी पटाशी दगडावर चढली. दोन्ही कोपर बरगड्यांना घट्ट चिकटवून, मान तिरकी करून, ते पुढेमागे जाऊ लागले. मावशीनं मोटर सुरू केली नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी पटाशी पुसून तिच्या हातात दिली. फूटपट्टीची पट्टी लेथवरच राहिली होती. मावशीनं ती धारेवर ठेवली आणि खिडकीकडे धरली. एक डोळा मिटला. काका मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं तिचा चेहरा बघत होते. तसाच तो त्यांना दिसायचा.

पट्टी बसली होती. टाचेपासून जवळजवळ शेवटपर्यंत. टोकाशी मात्र एक बारीक रेघ उजळली होती. खाच तर टोकानंच चिरायची असते. पण एवढ्यासाठी वाचनालयातलं कुणी कठड्याशी वाकून बघणार नव्हतं. "बसली" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"टोकाशी केसभर उजेड आहे," मावशी म्हणाली.

काकांनी हात पुढे केला.

"दे इकडे," ते म्हणाले, आणि बाही वर सारून पुन्हा दगडाशी बसले. मग मान न वळवता म्हणाले, "आणि उभी काय राहिलीस? तोवर मणी वळव. सोमवार तुझ्यासाठी थांबणार नाही."

मावशीनं पोटाची पटाशी उचलली आणि मोटर सुरू केली.