साफ्तामावशी आणि राजाचे सुळे

साफ्ता जन्मली तीच तोंडावर पातळ पडदा घेऊन. सुईणीनं तो काढला आणि आईला सांगितलं की पोर गुणाची निघेल, पण मेल्यावर स्वस्थ पडायची नाही. स्त्रिगोई होईल, थडग्यातून उठून जवळच्यांचं रक्त पिईल. दिवस मावळायच्या आत ही बातमी आर्जेश नदीकाठच्या त्या गावात घरोघरी पोचली.

याचा साफ्ताला आयुष्यभर फायदाच झाला. बांधावरून तिच्याशी कुणी भांडलं नाही. कुणाची गाय आटली की संशय तिच्यावर यायचा खरा, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. उलट गाय आटू नये म्हणून लोक आधीच ताजं चीज घेऊन तिच्या दारात हजर. लग्नाचं मात्र अडलं होतं. शेवटी इलारी नावाचा मेंढपाळ पुढे आला. त्याची आई नको नको म्हणत होती, तर म्हणाला, "इतरांच्या बायका मेल्या की गेल्याच. माझी निदान परत तरी येईल." प्रत्यक्षात आधी गेला तोच, आणि परत काही आला नाही. साफ्ता त्याच्यावर बरेच दिवस रुसून होती.

ती म्हातारी झाली, तोवर परदेशी कादंबऱ्यांनी रक्तपिपासू ठरवलेल्या व्लाद राजाचा डोंगरावरचा पडका किल्ला बघायला परदेशी पाहुणे येऊ लागले होते. खाणावळवाल्या दोरेलनं दारात राजाचा लाकडी पुतळा उभा केला. काळा झगा, लाल ओठ, बाहेर आलेले दोन सुळे. चर्चमधून परतताना साफ्तानं तो पाहिला आणि तशीच आत शिरली.

बाकं पाहुण्यांनी भरली होती. राजा तुझ्या घरातल्या कुणाला चावला होता, असं तिनं दोरेलला सगळ्यांदेखत विचारलं. राजानं चोरांना, तुर्कांना सुळावर दिलं हे तिला मान्य होतं. भरपूर दिलं, असंही ती म्हणाली. पण रक्त प्यायल्याचं तिच्या आजोबांनी कधी सांगितलं नव्हतं. "राजाकडे सूळ होते, दोरेल. सुळे नव्हते."

"मावशी, पाहुण्यांना रक्त पिणारं भूत लागतं," दोरेल हळूच म्हणाला. "नुसता कडक राजा बघायला कोण येतंय?"

"मग मला बोलवायचं. मी आहे ना गावची."

पाहुण्यांबरोबरच्या वाटाड्यानं हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं, तशा सगळ्या माना साफ्ताकडे वळल्या. एका चष्मेवाल्या बाईनं दबकत विचारलं, आजी रक्त कधी पितात?

"मेल्यावर," साफ्ता म्हणाली. "आत्ता आलुबुखाराची दारू चालेल."

तिला शेगडीजवळची जागा मिळाली. आपल्या जन्माची आणि गावातल्या आटलेल्या गाईंची हकीगत तिनं अशी रंगवली, की पाहुणे किल्ल्यावर जायचंच विसरले. निघताना तिनं दोरेलला सहज सांगितलं की कबरस्तानातून उतरलं की पहिलं घर त्याचंच लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरेल कानस घेऊन स्टुलावर चढला आणि त्यानं राजाचे सुळे घासून टाकले. राजा आता दाढ दुखत असल्यासारखा दिसू लागला, पण साफ्ताची त्याला हरकत नव्हती. शेगडीजवळची जागा तिच्यासाठी रिकामी राहू लागली, आणि घेवड्याचं गरम सूप न मागता समोर येऊ लागलं.

शेजारच्या मारिन्काला मात्र चैन पडेना. एकदा कुंपणापाशी तिनं साफ्ताला गाठलंच. "साफ्ता, खरं सांग. तू खरंच उठणार आहेस का?"

साफ्ता कुंपणावर रेलली. "मला काय ठाऊक, बाई? मी अजून मेले कुठे?"