सोपानदादाची घुंगरकाठी आणि पुण्याच्या बागा

डिंगोऱ्याच्या शिवारात सोपानदादासारखा थोरला भाऊ दुसरा झाला न्हाई. हे दादा सोता सांगायचा, म्हणून काय ते खोटं ठरत न्हाई. बाप गेला तवा दादानं सातवीतनं शाळा सोडली, औत धरलं, आन धाकट्या अमृतला शिकवून इंजिनेर केला. ओतूरच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट उतरवता उतरवता तो कुणालाबी सांगायचा, "आमचा अमृत म्हंजी माझ्या हातचं पीक. कीड न्हाई, डाग न्हाई." ऐकणारा पावणा घाईत असायचा, पण दादाला कधी घाई नसायची.

दादाला पोरबाळ नव्हतं. बायको प्रयागबाई गेल्या वर्षी वारली, आन उसाच्या कडंच्या घरात तो एकटाच राह्यला. त्यात बिबट्यानं दारातलं वासरू नेलं. त्याच आठवड्यात अमृत गाडी घेऊन आला.

"दादा, आता पुण्याला चला. एकटं ठिवायचं न्हाई मला तुमाला."

दादा निघाला तो गाजावाजा करून. पारावर बसलेल्या एकेकाला सांगितलं, "आता आपला पत्ता वारजे. सहावा मजला. लिफ्ट हाय." शेत वाट्यानं दिलं, घराला कुलूप घातलं. गाडीत बसताना कपड्याच्या पिशवीसंगं काठी तेवढी घेतली. अमृत म्हणाला, "दादा, तिथं कशाला काठी?" दादा म्हणाला, "तुझ्या वॉचमनला दाखवायला."

ती काठी साधी नव्हती. जुन्या बैलाच्या गळ्यातली घुंगरं दादानं तांब्याच्या तारेनं तिला आवळून बांधली व्हती. आमच्याकडं सांज झाली की उसाच्या कडंनं मुक्यानं चालत न्हाईत. कुणी मोबाईलवर गाणी लावतो, कुणी खाकरत जातो. वाघराला, म्हंजी बिबट्याला, कळलं पाहिजे की माणूस येतोय, मग ते आपणहून बाजूला हुतं. दादाची काठी छन् छन् वाजाय लागली की वस्तीवरची लंकाबाई चुलीपुढनंच हाक द्यायची, "दादा का?" आन दादा म्हणायचा, "न्हाई तर कोण." एसटीतनं उशिरा उतरलेल्या कॉलेजच्या पोरी तर त्याची वाट बघत फाट्यावर थांबायच्या आन त्याच्या मागं मागं घरी जायच्या. दादा पुढं चालायचा तो पाटलासारखा.

वारज्याला सगळं चांगलं व्हतं. अमृत आन त्याची बायको हर्षाली सकाळीच हापिसाला जायची. पोरगी आरोही क्लासला. हर्षाली गुणाची. दादाला गूळ घातलेला चहा लागतो हे तिनं दुसऱ्याच दिवशी वळखलं. भाकरी-भाजी झाकून ठिवायची आन म्हणायची, "दादा, घरात बसून कंटाळाल. बागेत जाऊन या."

मंग दादानं बागा धरल्या. बसचा पास काढला. सारसबागेत गणपतीला हात जोडून भेळ खाल्ली. संभाजी बागेत काचेमागचं मासं बघितलं. एम्प्रेस गार्डनला तिकीट काढून आत गेला आन जुन्या झाडांच्या खोडावर थापा मारून आला. जनावराच्या पाठीवर मारावी तशी थाप. गवत कातरलेलं, रस्तं झाडलेलं, कारंजं उडतंय. नाव ठेवायला जागा न्हाई.

पण बोलायचं कुणासंगं?

पयल्या दिवशी दादा समोरून येणाऱ्या परतेकाला राम राम घालत गेला. लोकांच्या कानात वायरी. एकानं वायर काढली, म्हणाला, "हां?" दादा म्हणाला, "राम राम." त्यानं मान हलवली, वायर पुन्हा कानात घातली आन चालाय लागला. बाकड्यावर दादाच्या शेजारी एक गृहस्थ बसला. दादानं इचारलं, "कुठलं पावणं?" तो म्हणाला, "इथलाच." आन मोबाईल बघत उठून दुसऱ्या बाकड्यावर गेला. डिंगोऱ्यात 'कुठलं पावणं' इचारलं की माणूस मामाच्या गावापर्यंत जाऊन येतो. इथं एका शब्दात माणूस संपत व्हता.

एवढ्या मोकळ्या बागेतबी दादा झाडाला पाठ लावूनच बसायचा. पाठ उघडी टाकून बसायची सवयच न्हाई. चपलेचा अंगठा तुटला तरी खाली वाकायचा न्हाई, पाय वर घेऊन बघायचा. वाकलेला माणूस वाघराला जनावर वाटतो. पुण्यात वाघरू न्हाई हे त्याला कळत व्हतं. पाठीला कोण सांगणार?

घराजवळच्या बागेत तर काठीवरनंच झालं. रखवालदार म्हणाला, "आजोबा, सकाळी इथं लोकांचं ध्यान असतंय. ते घुंगरू काढा."

"तारेनं आवळल्यात. निघत न्हाईत."

"मंग काठी घरी ठेवा."

दादा भांडला असता. पण रखवालदारानं इचारलं, "कुठल्या बिल्डिंगमधले तुम्ही?" तवा अमृतचं नाव पुढं येईल म्हणून गप बसला. घरी येऊन जुन्या धोतराचं फडकं फाडलं आन घुंगरांवर गच गुंडाळलं. त्या दिवसापासनं काठी मुकी झाली.

सांजच्याला दादा गावाकडं बाळासाहेबाला फोन लावायचा. बाळासाहेब म्हंजी बांधाला बांध लागलेला दोस्त.

"काय चाललंय, पुणेकर?"

"बागेतनं आलो आत्ता. आपलं मंडळ जमलंय हितं. एक मिलिटरीतला कर्नल हाय, एक बँकेचा मॅनेजर. मी दिसलो की उठून जागा देत्यात. म्हणत्यात, सोपानराव, शेतीतलं सांगा काय तरी."

"आन तू सांगतो?"

"थांबू देत न्हाईत राव."

असं रोज. कर्नलाला गुडघेदुखी झाली, मॅनेजराला नातू झाला, सगळं दादाच्या फोनमधी. खरं सांगायचं तर दादाला गावाला जायचं व्हतं. पण जायचं कसं? 'थोरला भाऊ धाकट्याच्या दारात टिकला न्हाई' असं पारावर कुणीतरी म्हणणारच. 'भावजयीनं जेवाय घातलं नसंल' असं दुसरा म्हणणार. दादाला सोताला काय बोललेलं चाललं असतं. त्याच्या पिकाला कुणी नाव ठेवलेलं त्याला चालत नव्हतं. म्हणून कर्नल आन मॅनेजर पोसावं लागत व्हतं.

आन एक दिवस बाळासाहेबाचा फोन आला. "उद्या पुण्याला येतोय डोळं दाखवायला. तुझं मंडळ बघूनच माघारी जातो."

दादाला रातभर झोप आली न्हाई.

सकाळी तो डोळ्याच्या दवाखान्याच्या दारात गेला. बाळासाहेब बाहेर आला तो भिंत चाचपत. तपासणीसाठी डोळ्यात औषध टाकलेलं, त्याला सगळं धुरकट दिसत व्हतं. दादा त्याच्या शेजारी जाऊन हुबा राह्यला. बाळासाहेब इकडं तिकडं मान वळवत तसाच थांबला. शेवटी दादानंच खांद्यावर हात ठिवला.

"मी हाय रं."

"आयला, कवा आला?"

बाळासाहेबाला दिसत न्हाई म्हणल्यावर दादाला देव पावल्यावाणी झालं. रिक्षा केली आन बागेत नेला. हाताला धरून फिरवला. समोरून कुणीबी आलं की दादा मोठ्यांदा म्हणायचा, "नमस्कार कर्नलसाहेब." तो माणूस मागं वळून बघायचा, कर्नल कोण ते. एका जाड्या गृहस्थाला दादा म्हणाला, "मॅनेजरसाहेब, नातू काय म्हणतो?" तो बिचारा म्हणाला, "मला नातू नाही हो."

"चेष्टेखोर हाय," दादा बाळासाहेबाला म्हणाला.

दोघं झाडाला पाठ लावून बसले. बाळासाहेबानं दादाची काठी हातात घेतली. घुंगराच्या जागंवर त्याचा हात गेला. फडक्याची गाठ त्यानं बोटानं चाचपली.

"हे काय बांधलंय?"

"वाजतं. लोकान्ला तरास हुतो."

"मला वाटलंच," बाळासाहेब म्हणाला. "मघाशी दवाखान्याच्या दारात मी कान लावून हुबा व्हतो. म्हणलं डोळं गेलं तर गेलं, सोपान आला की काठी वाजंलच. तू शेजारी येऊन हुबा राह्यला आन मला कळलंच न्हाई राव."

दादानं समोरच्या कारंज्याकडं बघितलं. काठी माघारी घेतली आन फडक्याच्या गाठीवरनं अंगठा फिरवला.

वाकडेवाडीच्या स्टँडवर बाळासाहेबाला ओतूरच्या गाडीत बसवलं. खिडकीतनं तो म्हणाला, "झ्याक हाय तुझं मंडळ. गावात सांगतो."

त्यानं दोस्ताची लाज राखली व्हती. पण हे एकदा पारावर सांगितलं गेलं की कर्नल आन मॅनेजर पक्कं झालं, आन दादा जन्माचा पुणेकर झाला. गाडी सुरू झाली. दादा खिडकीसंगं चार पावलं चालला.

"बाळा, सांगू नको."

"काय सांगू नको?"

"कायबी सांगू नको. मीच येऊन सांगतो."

रातच्या जेवणाला त्यानं ताटातली भाकरी मोडता मोडता इषय काढला. "अमृत, पुण्याच्या बागा बघून संपल्या. आता बघण्यासारखं काय राह्यलं न्हाई. मी जातो गावाला."

अमृतचा घास हातातच राह्यला. हर्षालीनं पाण्याचा तांब्या खाली ठिवला. "दादा, आमचं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकंल पोरी. तुझ्यासारखी भावजय तालुक्यात न्हाई, हे मी गावात जाऊन सगळ्यान्ला सांगणार हाय. मी हितं बसलो तर सांगणार कोण?"

"आन बिबट्या?" अमृत म्हणाला.

"त्यो मला वळखतो. हितलं कोण वळखत न्हाई."

बोलून गेला आन लगीच भाजी मागितली. अमृतनं मान खाली घातली. मंग त्यानंच भाजी वाढली.

दादा डिंगोऱ्याच्या फाट्यावर उतरला तवा दिवस मावळला व्हता. बाळासाहेबाला मुद्दामच कळवलं नव्हतं. फाट्यावर कुणी नव्हतं, पोरीबी नव्हत्या. त्यानं पिशवी खाली ठिवली आन गाठ दातानं सोडली. फडकं खिशात कोंबलं. काठी एकदा आपटली, तवा कुठं पाठीतला ताठा सुटला.

उसाच्या कडंनं तो चालत राह्यला. लंकाबाईची चूल इझलेली, दाराला कडी. लेकीकडं गेली असंल. काठी छन् छन् वाजत व्हती आन 'दादा का?' म्हणणारं कुणी नव्हतं. घराच्या कुलपात किल्ली फिरंना. फुंकर मारून, पिशवीतल्या डोक्याच्या तेलाचं बोट लावून उघडलं. आत प्रयागबाईच्या हातचं सारवण भेगाळलं व्हतं.

तेवढ्यात अमृतचा फोन आला. "पोचला का दादा? अंधार पडलाय, एकटंच गेला का वस्तीवर?"

दादा उंबऱ्यात हुबा राह्यला. पुढं सगळा ऊस, काळा.

"एकटा कशाला," तो म्हणाला. "फाट्यावर निम्मा गाव आला व्हता न्यायला. सोडायलाच तयार न्हाईत. ऐक आवाज."

आन त्यानं फोन काठीजवळ धरून काठी वाजवली.